हरवलेले झाड परत देणारा माणूस

आमच्या धाराशिवच्या हवेत फुलांची चेरी फुलायची नाही. तिला हिवाळ्यात कडक थंडी लागते. तरीही या झाडासाठी आयुष्य वेचणाऱ्या कॉलिंगवूड इनग्राम या इंग्रज गृहस्थांचे चरित्र मला अगदी घरचे वाटते.

त्यांचा जन्म १८८० साली लंडनमध्ये झाला. आधी त्यांना नाद होता पक्ष्यांचा. १९१९ साली ते केंट परगण्यातील बेनेंडन गावी राहायला आले. तेथे घराच्या आवारातच चेरीची झाडे होती. त्यांचा बहर पाहिला आणि इनग्राम चेरीचेच झाले. नव्या जातींच्या शोधात १९२६ साली ते जपानला गेले. तेथे एका वृद्ध जाणकाराने त्यांना एक जुने चित्र दाखवले. त्यातली मोठ्या पांढऱ्या फुलांची जात जपानातून नाहीशी झाली होती. इनग्राम चकित झाले. त्याच जातीची कलमे त्यांनी इंग्लंडमध्ये वाढवली होती!

त्यांनी जपानला काड्या पाठवल्या, पण लांबच्या प्रवासात त्या टिकेनात. अखेर बटाट्यात खोचून, सैबेरियातून आगगाडीने पाठवलेल्या काड्या तगल्या आणि १९३२ साली कलम जगले. तीच ‘ताईहाकू’ चेरी. १९८१ साली, वयाची शंभरी ओलांडून, इनग्राम वारले.

१९९३ च्या भूकंपात लोहाऱ्याकडचे आमचे घर पडले, अंगणातला पांढरा चाफाही गेला. आजीने त्याची फांदी पूर्वीच आपल्या बहिणीला दिली होती. तिच्याकडून फांदी आणून पुनर्वसनातल्या नव्या घरापुढे लावली. आता तो चाफा माझ्याहून उंच आहे. मागेल त्याला आम्ही फांदी देतो.