देवाच्या दरबारांतले टिळक

नारायण वामन टिळक यांनीं १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं, चित्पावन कुळांत, १८६१ सालीं त्यांचा जन्म. राजनांदगांवच्या प्रवासांत आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला, आणि डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन जिंकिलें. पण ह्या निश्चयाचें मोल जबर होतें. जात गेली, आप्त तुटले, पत्नी लक्ष्मीबाई ह्याही कांहीं वर्षें दूर राहिल्या.

पुढें अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनच्या कामांत शिरल्यावर त्यांस दुसरीच अडचण दिसली. उपासनेंत बहुधा विलायती चालींवर बसविलेलीं भाषांतरित गीतें गात असत. शब्द मराठी खरे, परंतु चालींत बसवितांना अक्षरांची इतकी ओढाताण होई कीं खेड्यांतील भाविकास आपण परक्या घरीं पाहुणे आलों आहोंत असें वाटावें. ख्रिस्ताचा होण्यासाठीं मराठीपण टाकावें लागतें, हें टिळकांस मान्य नव्हतें. तुकोबांस तर ते आपणांस ख्रिस्ताकडे आणणारा पूल मानीत. मग त्यांनीं अभंग व पदें रचिलीं, टाळमृदंगाच्या साथीनें ख्रिस्ती कीर्तनें केलीं. मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहांत त्यांचीं अडीचशेंच्या आसपास गीतें आहेत. ज्यांस आपले लोक परके म्हणत, त्यांस आपण कोण हें ह्या गीतांनीं गातां गातां उमगलें; असा प्रस्तुत लेखकाचा तरी समज आहे.

फुलांमुलांवरील त्यांच्या कविता मंडळीबाहेरही प्रिय झाल्या, आणि बालकवि ठोमरे कांहीं काळ त्यांच्याच घरीं राहिले. काव्याच्या अंगणांत धर्माची भिंत उभी राहिली नाहीं.

१९१७ सालीं तर त्यांनीं मिशनची नोकरीही सोडिली आणि सातारा येथें ‘देवाचा दरबार’ मांडिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून त्यांत एकत्र यावे, हा हेतु. मिशनमधील कित्येकांस हें रुचलें नसल्यास नवल नाहीं. बाप्तिस्म्याविना मंडळी ही कल्पनाच त्यांस अवघड होती. हा दरबार फार दिवस चालला नाहीं. ता. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस निवर्तले, व त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांच्या देहास अग्नि देण्यांत आला.

‘ख्रिस्तायन’ हें त्यांचें महाकाव्य अपुरें राहिलें होतें. अकरा अध्याय झाले होते. एकदां दूर राहिलेल्या लक्ष्मीबाईंनींच पुढील चौसष्ट अध्याय लिहून तें पुरें केलें.