शंकर पुरुषोत्तम आघारकर

शंकर पुरुषोत्तम आघारकर (जन्म : १८ नोव्हेंबर १८८४, मालवण, मृत्यू : २ सप्टेंबर १९६०) हे भारतीय जीवशास्त्रज्ञ व वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. कलकत्ता विद्यापीठात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे रासबिहारी घोष प्राध्यापकपद भूषविले. पुण्यातील महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेचे ते संस्थापक-संचालक होते. या संस्थेची संशोधन शाखा १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते.

शिक्षण आणि मुंबईतील अध्यापन

आघारकरांचे महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. १९०९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी मिळविली. पुढे त्याच महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवू लागले. त्या काळी प्राणी आणि वनस्पती असे विषय आजच्याइतके काटेकोरपणे वेगळे झालेले नव्हते. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळविणाऱ्या आघारकरांचा पहिला गाजलेला शोध प्राणिशास्त्रातील आहे, तो यामुळेच.

गोड्या पाण्यातील जेलीफिश

सह्याद्रीतील जीवसृष्टीचे नमुने गोळा करीत असताना सातारा जिल्ह्यातील वेण्णा व कोयना या नद्यांच्या पाण्यात आघारकरांना एक लहान पारदर्शक प्राणी आढळला. तो जेलीफिश होता. जेलीफिश हा मुख्यतः समुद्रात राहणारा जीव. सह्याद्रीच्या डोंगरातील, तेही पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीत तो सापडावा, ही गोष्ट अनपेक्षित होती.

या शोधाला एक पार्श्वभूमी होती. आफ्रिकेतील टांगानिका सरोवरात लिम्नोक्निडा या प्रजातीची जेलीफिश एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माहीत झाली होती. तिच्या आधारे ते सरोवर पूर्वी समुद्राला जोडलेले असावे, असे मत ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जे. ई. एस. मूर यांनी मांडले होते आणि त्यावर बराच वाद झाला होता. आघारकरांना मिळालेला प्राणी याच प्रजातीचा निघाला. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे अधीक्षक नेल्सन अनंदेल यांनी त्याचे वर्णन करून त्यास लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले. नेचर या नियतकालिकातूनही १९११-१२ च्या सुमारास हा शोध जगापुढे आला. या प्राण्याच्या सवयी आणि प्रसार यांवरील टिपण आघारकरांनी एफ. एच. ग्रेव्हली यांच्यासह लिहिले. ते १९१२ मध्ये इंडियन म्युझियमच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आफ्रिका आणि भारतीय द्वीपकल्प येथील जीवसृष्टीतील साम्याचा विचार करणाऱ्या अभ्यासकांना या शोधाने नवा आधार मिळाला. इंडियन म्युझियमशी आलेला हा संबंध आघारकरांना कलकत्त्याच्या विद्वानांच्या वर्तुळात घेऊन गेला.

कलकत्ता विद्यापीठात निवड

सर तारकनाथ पालित आणि सर रासबिहारी घोष या दोन वकिलांच्या देणग्यांतून कलकत्ता विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांचा त्यामागे पुढाकार होता. या देणग्यांतून निर्माण झालेल्या प्राध्यापकपदांवर भारतीयांनाच नेमावयाचे होते. सरकारी महाविद्यालयांतील वरच्या जागा युरोपीयांकडे असण्याच्या काळात ही अट फार मोलाची होती. घोष यांच्या १९१३ च्या दहा लाख रुपयांच्या देणगीतून उपयोजित गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र या विषयांची चार पदे निर्माण झाली. वनस्पतिशास्त्राच्या पदासाठी आघारकरांची निवड झाली, तेव्हा त्यांचे वय तिशीच्या आत होते. भौतिकशास्त्राच्या पदावर देवेंद्रमोहन बोस यांची निवड झाली होती.

युद्धकाळातील जर्मनी

प्रत्यक्ष अध्यापनाला सुरुवात करण्यापूर्वी परदेशात अभ्यास करण्यासाठी आघारकर आणि बोस हे दोघेही १९१४ मध्ये जर्मनीत गेले. त्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. ब्रिटिश प्रजाजन असल्याने आघारकर शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले व त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. ब्रिटिश सत्तेखालील देशातून आलेल्या या तरुण प्राध्यापकाला ब्रिटिश म्हणून अडकवून ठेवण्यात आले, हा त्या परिस्थितीतील विरोधाभास. कलकत्त्यातील त्यांचे पद त्यांच्यासाठी राखून ठेवलेले होते. पण नव्याने उभारावयाच्या विभागाचा प्रमुखच काही वर्षे देशाबाहेर अडकून पडला.

सुटका झाल्यावर त्यांनी बर्लिनमध्ये अभ्यास पुढे चालू ठेवला आणि १९१९ मध्ये बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. वायव्य भारतातील कोरड्या व खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींची बीजे कशी पसरतात आणि या वनस्पती मूळच्या कोठल्या, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. वनस्पतिभूगोलातील त्या काळचे मोठे अधिकारी अडोल्फ एंग्लर यांच्या वार्षिकात तो १९२० मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. सह्याद्रीतील जेलीफिश आणि राजपुताना-सिंधकडील काटेरी झुडपे हे विषय एकमेकांपासून दूरचे वाटतात. परंतु एखादा जीव आज जेथे आहे तेथे तो कसा पोहोचला, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी एकच आहे.

अध्यापन आणि संशोधन

१९२० मध्ये परत आल्यावर आघारकरांनी कलकत्ता विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग उभा केला आणि सुमारे पाव शतक तेथे काम केले. नेपाळमधूनही त्यांनी वनस्पतींचे नमुने गोळा केले.

बंगालमधील नद्या, खाड्या व तळी त्या काळात जलपर्णीने व्यापली होती. नावांचा मार्ग अडत असे आणि भातशेतीचे नुकसान होत असे. सरकारने १९२१ मध्ये जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नावर समिती नेमली होती. आघारकर आणि आय. बॅनर्जी यांनी जलपर्णीतील परागण व बीजनिर्मिती यांचा अभ्यास करून १९३० मध्ये तो प्रसिद्ध केला. जलपर्णी फुटव्यांनी पसरते हे सर्वांना दिसत होते. मात्र तिला बीही धरत असेल, तर पाण्यावरची झाडे काढून टाकल्याने काम संपत नाही. म्हणून या अभ्यासाला व्यावहारिक महत्त्व होते. १९३५ मध्ये पी. एन. भादुरी यांच्यासह त्यांनी केळीच्या कुळातील गुणसूत्रांच्या संख्येतील फरकांवर करंट सायन्समध्ये टिपण लिहिले.

भारतीय विज्ञान परिषदेच्या कामात आघारकरांचा मोठा वाटा होता. तिचे ते सरचिटणीसही होते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ऑफ इंडिया (आजची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी) या संस्थेचे ते संस्थापक सदस्य होते. संशोधनलेखांपेक्षा अशा संस्थांच्या उभारणीतूनच त्यांची ओळख अधिक टिकली.

महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी

कलकत्त्यात १८७६ मध्ये महेंद्रलाल सरकार यांनी लोकवर्गणीतून इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था काढली होती. तशी संस्था महाराष्ट्रात नव्हती. १९४६ मध्ये, साठी ओलांडल्यावर, आघारकरांनी पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीचे काम हाती घेतले. संस्थेच्या इंग्रजी नावात कलकत्त्याच्या संस्थेचा ठसा स्पष्ट दिसतो. सुरुवातीला स्वतःची इमारत नव्हती. पुण्याच्या विधी महाविद्यालयाच्या वास्तूत प्रयोगशाळा चालत. १९४६ पासून मृत्यूपर्यंत आघारकर संचालकपदी होते. स्वतःच्या इमारतीत संस्था गेली ती त्यांच्या पश्चात.

या काळातच त्यांनी मुंबई राज्याच्या गॅझेटियरसाठी औषधी वनस्पतींवरील ग्रंथ सिद्ध केला. तो १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेव्हाचा चांदा जिल्हा (आजचे चंद्रपूर व गडचिरोली) मध्य प्रदेशात होता आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. त्यामुळे महाराष्ट्रातील सर्वांत घनदाट वनप्रदेशांपैकी एक या ग्रंथाच्या प्रशासकीय चौकटीबाहेर राहिला, हे ग्रंथ वापरताना ध्यानात ठेवावे लागते.

नावासंबंधी

आघारकर संशोधन संस्था ही भारत सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर चालते. गहू, सोयाबीन व द्राक्षे या पिकांच्या वाणांसाठी ती शेतकऱ्यांना परिचित आहे. तिच्या वनस्पतिसंग्रहालयालाही आघारकरांचेच नाव आहे. संस्था पुण्यात ज्या रस्त्यावर आहे, तो गोपाळ गणेश आगरकर पथ होय. नावांतील साम्यामुळे सुधारककार आगरकर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आघारकर यांची अनेकदा गल्लत होते. गोपाळ गणेश आगरकर १८९५ मध्ये वारले, तेव्हा शंकर आघारकर अवघे दहा वर्षांचे होते.