हाफकिन यांच्या प्लेगच्या लसीवर १९ मृत्यूंचा ठपका का बसला होता?

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात प्लेगची लस टोचायचं काम सुरू होतं. लस आली होती मुंबईहून. पाच बाटल्या, १०७ माणसं. आठवडाभरानंतर त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले.

या १९ जणांना एकाच बाटलीतून लस टोचली होती. बाटली क्रमांक ५३-एन. बाकीच्या चार बाटल्यांतून ज्यांनी लस घेतली, त्यांना काहीही झालं नाही.

खरं तर सगळा उलगडा इथेच होता. पण लोकांपर्यंत पोहोचलं ते एवढंच, की हाफकिनची लस घेतली की माणूस मरतो.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० चा, ओडेसाच्या एका ज्यू कुटुंबातला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते आधी ग्रंथपालाचं काम करत होते. तिथेच त्यांनी कॉलराची लस तयार केली आणि १८९२ मध्ये स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले.

१८९६ ला मुंबईत प्लेग आला आणि सरकारने हाफकिन यांना बोलावून घेतलं. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्याशा जागेत त्यांनी काही महिन्यांत प्लेगची लस बनवली. १० जानेवारी १८९७ ला पहिला डोस पुन्हा स्वतःलाच. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात चाचणी झाली.

तेव्हा लोकांचा सरकारवर भरवसा उरला नव्हता. घरात घुसून होणाऱ्या तपासण्यांचा संताप इतका होता की त्याच वर्षी पुण्यात प्लेग कमिशनर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. अशा वातावरणात टोचून घ्यायला पुढे येणार कोण? आगा खान तिसरे यांनी लोकांसमोर लस घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती कमी झाली. हा विश्वास असा एकेक माणूस करत जमवलेला होता.

मुल्कोवालने तो घालवला.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाचं मत पडलं की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली असावी. कारण काय, तर लस जास्त प्रमाणात बनवता यावी म्हणून हाफकिन यांनी त्यात कार्बोलिक ॲसिड घालणं थांबवलं होतं आणि ते उष्णतेने निर्जंतुकीकरण करत होते. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये हीच पद्धत रुळलेली होती, पण इथल्या अधिकाऱ्यांना ती धोक्याची वाटली.

आयोगाने मांडली होती एक शक्यता. बाहेर मात्र तिचा निकाल झाला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आलं आणि ते इंग्लंडला गेले. अहवाल लोकांसमोर यायला चार वर्षं लागली.

कागद बाहेर आले तेव्हा त्यात साधी गोष्ट निघाली. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतातच. दुसरा पुरावा वासाचा. लस ४१ दिवसांपूर्वी भरलेली होती. इतके दिवस आत जंतू वाढले असते तर बाटलीला घाण वास आला असता. डॉक्टरने वापरण्याआधी वास घेतला होता, तेव्हा काहीच जाणवलं नव्हतं.

मलेरियाचं कोडं सोडवणारे नोबेलविजेते रोनाल्ड रॉस या प्रकरणात हाफकिन यांच्या बाजूने उतरले. जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नामवंत तज्ज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापून हाफकिन यांच्यावरचा आरोप खोटा ठरल्याचं जाहीर केलं. हाफकिन निर्दोष ठरले.

पण ते पत्र वाचलं लंडनने. मुल्कोवालच्या बातमीने धास्तावलेल्या पंजाबातल्या खेड्यांपर्यंत ते कोण नेणार होतं? त्याच १९०७ मध्ये भारतात प्लेगने दहा लाखांहून जास्त माणसं मेली आणि सर्वात मोठा फटका पंजाबला बसला.

हाफकिन वर्षअखेरीस भारतात परतले, ते कलकत्त्याला. त्यांना संशोधनाची मुभा मिळाली, पण माणसांवर लसीची चाचणी घ्यायची परवानगी मिळाली नाही. १९१५ च्या सुमारास ते निवृत्त होऊन युरोपला गेले. १९२५ मध्ये परळच्या त्याच प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव देण्यात आलं. त्यानंतर पाच वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये त्यांचं निधन झालं.