अनिता अवचट
डॉ. अनिता अवचट (सुनंदा अवचट, मृत्यू: इ.स. १९९७) या पुण्यातील मनोविकारतज्ज्ञ आणि मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या संस्थापक होत्या. लेखक अनिल अवचट हे त्यांचे पती होत.

अनिता अवचट येरवडा मनोरुग्णालयात कार्यरत होत्या. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. त्यातून २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण सुरू झाले. तेथे मद्यपाशात अडकलेल्यांवरही उपचार होऊ लागले.

व्यसन हा चारित्र्यदोष नसून आजार आहे, ही त्यांच्या कार्यामागील भूमिका होती. औषधांनी शारीरिक त्रास शमला, तरी घरी परतल्यावर व्यसनापासून दूर राहणे कठीण असते. त्यासाठी समदुःखींची सोबत उपयोगी पडते. १९३५ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभाही याच तत्त्वावर चालतात. मुक्तांगणमध्ये व्यसनमुक्त झालेले अनेक रुग्ण पुढे तेथेच कार्यकर्ते झाले.

कर्करोगाने ग्रासल्यानंतरही अनिता अवचट यांनी काम थांबवले नाही. त्यांच्या पश्चात कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी केंद्राची धुरा सांभाळली. त्यांच्या स्मरणार्थ ‘संघर्ष सन्मान’ पुरस्कार दिला जातो.