संत कान्होपात्रा

संत कान्होपात्रा या पंधराव्या शतकातील मराठी संतकवयित्री होत्या. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे त्यांचे जन्मगाव, तर पंढरपूर ही त्यांची समाधिभूमी होय. गणिकेच्या पोटी जन्मलेल्या कान्होपात्रांनी आईचा व्यवसाय पत्करण्यास नकार दिला आणि विठ्ठलभक्तीचा मार्ग धरला. बेदरच्या बादशहाच्या जनानखान्यात जाण्याऐवजी त्यांनी पंढरीच्या मंदिरात देह ठेवला, अशी त्यांची कथा वारकरी परंपरेने जतन केली आहे. गुरूचा किंवा एखाद्या संतपुरुषाचा आधार नसताना संतपद पावलेल्या वारकरी संप्रदायातील त्या एकमेव स्त्री मानल्या जातात.

चरित्राची साधने

कान्होपात्रांच्या चरित्राची प्रमुख साधने दोन आहेत. पहिले त्यांचे स्वतःचे अभंग आणि दुसरे संतचरित्रकार महिपती यांचा 'भक्तविजय' (१७६२) हा ग्रंथ. महिपतींनी ही कथा कान्होपात्रांनंतर सुमारे तीन शतकांनी लिहिली. कीर्तनकारांनी व नाटककारांनी तिच्यात पुढे आणखी प्रसंग जोडले, त्यामुळे तपशिलांत फरक आढळतो. जन्म आणि मृत्यूची वर्षेही निरनिराळी दिली जातात; मात्र त्यांचा काळ पंधरावे शतक हा होता, याविषयी सर्वसाधारण एकमत आहे. मंगळवेढ्यातील गणिकेच्या घरी जन्म, व्यवसायास नकार, बेदरच्या दरबाराचे बोलावणे आणि विठ्ठलाच्या पायाशी मृत्यू हा कथेचा गाभा सर्वत्र सारखाच आहे.

काळ आणि परिसर

मंगळवेढा हे जुने आणि इतिहासप्रसिद्ध नगर आहे. कलचुरी राजा बिज्जल याचे ते सत्ताकेंद्र होते आणि महात्मा बसवेश्वरांचे काही काळ येथे वास्तव्य होते. वारकरी परंपरेत हे गाव संत चोखामेळा आणि संत दामाजीपंत यांच्यामुळे ओळखले जाते. चोखोबांचा अंत १३३८ मध्ये याच गावी गावकुसाचे काम चालू असताना, भिंत कोसळून झाला. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे उपाशी रयतेसाठी खुली केली, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते.

कान्होपात्रांच्या काळी हा प्रदेश बहमनी सल्तनतीच्या अमलाखाली होता. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात या सल्तनतीची राजधानी गुलबर्ग्याहून बेदरला गेली. मंगळवेढ्याहून पंढरपूर एका दिवसाच्या पायी चालीवर आहे. या गावाला बादशहाचा दरबार आणि विठ्ठलाचे राऊळ या दोन्ही ठिकाणांचा संबंध होता आणि कान्होपात्रांच्या आयुष्याची दिशा या दोन ठिकाणांनीच ठरवली.

जन्म आणि बालपण

कान्होपात्रांच्या आईचे नाव शामा असे होते. ती मंगळवेढ्यातील संपन्न गणिका होती. घर वाड्यासारखे, दासदासी हाताशी, अन्नवस्त्राची ददात नाही, अशा वातावरणात कान्होपात्रा वाढल्या. आईने त्यांना लहानपणापासून नृत्य आणि गायन शिकवले आणि त्या या दोन्ही कलांत निपुण झाल्या. त्यांच्या सौंदर्याची कीर्ती गावाबाहेर पसरली होती.

संपन्नता असली तरी या घराला गावात प्रतिष्ठा नव्हती. गणिकेच्या कलेला श्रीमंतांच्या बैठकीत मान होता, पण तिला कुळाचाराच्या घरात प्रवेश नव्हता. तिच्या मुलीशी विवाह करणे समाजाला मान्य नव्हते. त्यामुळे मुलीपुढे आईचाच व्यवसाय उरे. गणिकेच्या घरी मुलगी जन्मली की तिचे भवितव्य तिच्या संमतीवाचून ठरलेले असे.

व्यवसायास नकार

कान्होपात्रा वयात आल्यावर शामेने त्यांना बेदरच्या दरबारी नेण्याचा विचार मांडला. बादशहाची मर्जी बसली, तर मुलीला धन, वस्त्रालंकार आणि संरक्षण मिळेल, असा तिचा हिशोब होता. शामेला खलनायिका ठरवणारी आख्याने पुढे रचली गेली. परंतु ज्या समाजात गणिकेच्या मुलीला विवाहाचे दार बंद होते, तेथे आईच्या दृष्टीने मुलीचे भले होण्याची ही मोठ्यात मोठी संधी होती.

आपल्यापेक्षा रूपाने सरस असेल त्यालाच आपण वरू, असे सांगून कान्होपात्रांनी आईची सूचना नाकारली. असा पुरुष त्यांना दिसला नाही. याच सुमारास त्यांच्या दारावरून पंढरीला निघालेल्या वारकऱ्यांची दिंडी गेली. ज्याचे गुण वारकरी गात होते त्या विठ्ठलाविषयी त्यांनी चौकशी केली. आपल्यासारखीला तो जवळ करील का, असेही त्यांनी विचारले. वारकऱ्यांनी त्यांना होकार दिला. कान्होपात्रा दिंडीबरोबर चालत पंढरपूरला आल्या आणि विठ्ठलाच्या दर्शनानंतर त्यांनी तेथेच राहण्याचे ठरवले. महाद्वारापाशी भजन करीत त्या दिवस कंठू लागल्या.

कथेच्या उत्तरकालीन रूपात गावचा अधिकारी सदाशिव मालगुजर आणि हौसा नावाची दासी ही दोन पात्रे येतात. कान्होपात्रांनी आपल्यापुढे नाचावे, अशी मालगुजराची मागणी होती. ती नाकारली गेल्यावर त्याने मायलेकींचा छळ मांडला आणि त्या दारिद्र्यात लोटल्या गेल्या. अखेर शामा मुलीला त्याच्या हवाली करण्यास तयार झाली, तेव्हा हौसाच्या मदतीने वेश बदलून कान्होपात्रा पंढरपूरला निघून गेल्या, असे हे कथानक आहे.

बेदरचे बोलावणे आणि अखेर

कान्होपात्रांच्या रूपाची वार्ता बेदरच्या दरबारात पोहोचली. बादशहाने त्यांना जनानखान्यात आणण्याचा हुकूम सोडला आणि शिपाई पंढरपुरास आले. त्या राजीखुशीने आल्या नाहीत, तर बळाने न्यावे, अशी त्यांना आज्ञा होती. मंदिर लुटण्याची धमकीही दिली गेली, असे काही कथांत येते.

कान्होपात्रांनी शिपायांकडे विठ्ठलाच्या शेवटच्या दर्शनाची मुभा मागितली. त्या गाभाऱ्यात गेल्या. आपल्याला परक्याच्या हाती जाऊ देऊ नये, अशी आळवणी करीत त्यांनी विठ्ठलाच्या चरणांवर मस्तक ठेवले आणि तेथेच त्यांचा प्राण गेला. मंदिराच्या दक्षिणेकडील भागात त्यांचा देह पुरण्यात आला. त्या जागी तरटीचे झाड उगवले, अशी श्रद्धा आहे. आजही पंढरीला येणारे वारकरी या तरटीचे दर्शन घेतात. विठ्ठल मंदिराच्या आवारात समाधी असलेल्या कान्होपात्रा या एकमेव संत होत.

काव्य

कान्होपात्रांच्या नावावरील सुमारे तीस रचना उपलब्ध असून 'सकल संत गाथे'त त्यांचे २३ अभंग समाविष्ट आहेत. त्यांची भाषा साधी आणि थेट आहे. बहुतेक अभंग आत्मपर आहेत. आपली जात हीन मानली जाते, आपला व्यवसाय निंद्य समजला जातो, लोकांच्या वासनेची नजर आपल्यावर आहे, हे त्या विठ्ठलाला उघडपणे सांगतात. हिंस्र पशूच्या तावडीत सापडलेल्या पाडसाची प्रतिमा त्यांच्या काव्यात येते. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल दळणकांडणाला हात लावतो; कान्होपात्रांच्या अभंगांत तो एकट्या, निराधार स्त्रीचा शेवटचा आसरा आहे.

वारकरी परंपरेतील स्थान

वारकरी संप्रदायातील इतर संत स्त्रिया कोणा ना कोणा संतपुरुषाशी नात्याने जोडलेल्या आहेत. मुक्ताबाई ज्ञानेश्वरांची बहीण, जनाबाई नामदेवांच्या घरची दासी, सोयराबाई चोखोबांची पत्नी आणि बहिणाबाई तुकोबांची शिष्या. कान्होपात्रांना असे कोणतेही नाते नव्हते. पती, कुळ किंवा गुरू यांपैकी कोणाच्याही आधाराविना, केवळ आपल्या भक्तीच्या आणि अभंगांच्या बळावर संतमालिकेत त्यांना जागा मिळाली. त्या परंपरेने त्यांचा जन्म झाकलेला नाही. गणिकेची कन्या म्हणूनच त्यांचे नाव घेतले जाते.

आधुनिक संदर्भ

देहविक्रयाच्या व्यवसायाविषयीच्या आधुनिक चर्चेत संमती हा कळीचा प्रश्न मानला जातो. कान्होपात्रांच्या चरित्रात तो स्पष्टपणे दिसतो. आई, गावचा अधिकारी आणि बादशहा या तिघांनीही त्यांच्या शरीराविषयीचा निर्णय त्यांच्या वतीने घेऊन टाकला होता. त्यांचा नकार ऐकून घेणारी न्यायव्यवस्था त्या काळी अस्तित्वात नव्हती. आसरा मिळाला तो देवळात, आणि तोही मरणापुरता.

जन्माने किंवा प्रथेने व्यवसाय लादण्याविरुद्ध पुढे कायदे झाले. देवदासी प्रथेला आळा घालण्यासाठी मुंबई प्रांतात १९३४ मध्ये आणि महाराष्ट्रात २००५ मध्ये कायदा करण्यात आला. अनैतिक व्यापार प्रतिबंधासाठी १९५६ मध्ये झालेला केंद्रीय कायदा कुंटणखाना चालवणे, स्त्रियांना या व्यवसायात ओढणे आणि त्यांच्या कमाईवर जगणे हे गुन्हे ठरवतो. १९९० च्या दशकात या व्यवसायातील स्त्रियाही संघटित झाल्या. मंगळवेढ्यालगतच्या सांगली जिल्ह्यात १९९६ मध्ये स्थापन झालेली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' हे त्याचे उदाहरण होय. बळजबरीला विरोध आणि स्वेच्छेने काम करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना हक्क, अशी तिची भूमिका आहे. हा व्यवसाय मुळातच शोषणाचा असून तो संपला पाहिजे, असे मानणारा मतप्रवाहही तितकाच प्रबळ आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ रोजी दिलेल्या आदेशात या स्त्रियांना व त्यांच्या मुलांना राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदानुसार सन्मानाने जगण्याचा हक्क असल्याचे स्पष्ट केले. छाप्याच्या वेळी स्वेच्छेने काम करणाऱ्या प्रौढ स्त्रियांना अटक वा छळ करू नये आणि आई या व्यवसायात आहे एवढ्याच कारणाने मुलाला तिच्यापासून तोडू नये, असेही त्यात नमूद आहे. व्यवसाय संपावा असे म्हणणारे आणि हक्क मागणारे, दोघेही स्त्रीचा नकार मानला गेला पाहिजे, यावर सहमत आहेत. पंधराव्या शतकात कान्होपात्रांना नाकारला गेलेला अधिकार हाच होता.

स्मारके आणि कलाकृती

मंगळवेढ्यात कान्होपात्रांचे मंदिर आहे. ना. वि. कुलकर्णी यांनी लिहिलेले 'संगीत कान्होपात्रा' हे नाटक १९३१ मध्ये रंगभूमीवर आले. त्यात बालगंधर्वांनी नायिकेची भूमिका केली, तर संगीत मास्तर कृष्णराव यांचे होते. कान्होपात्रांचे मूळ अभंग या नाटकामुळे संगीतरसिकांपर्यंत पोहोचले आणि मैफलींत व भजनांत ते आजही गायले जातात. भालजी पेंढारकर यांनी १९३७ मध्ये त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपट दिग्दर्शित केला.