सासष्टीचे फादर स्टीफन्स

वर्गाबाहेर पाऊल टाकताच हिंदीत बोलू लागणाऱ्या आमच्या मुलांना मराठी शिकविताना मला फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्मरण होते. तिशीच्या उंबरठ्यावर, परक्या मुलखात, त्यांनी ही भाषा मुळापासून आत्मसात केली.

इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात १५४९ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. मायदेशी कॅथलिकांचा छळ होत असल्याने ते रोमला गेले व १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. १५७९ च्या एप्रिलात लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज ऑक्टोबरात गोव्यास लागले. पुढील चाळीस वर्षे बहुतांशी सासष्टीच्या खेड्यांत गेली. इंग्लंड त्यांना पुन्हा दिसले नाही.

ती खेडी शांत नव्हती. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे मृतदेह आणून दफन करण्याचे काम स्टीफन्स यांच्या वाट्याला आले. तरीही ते सासष्टीतच राहिले. त्याच वर्षी भावाला लिहिलेल्या पत्रात येथील भाषांचे ग्रीक-लॅटिनशी असलेले साम्य त्यांनी नोंदविले. विल्यम जोन्स यांचे सुप्रसिद्ध व्याख्यान त्यानंतर दोनशे वर्षांनी झाले.

धर्मांतरित ग्रामस्थांची जुनी पुराणे सुटली होती, पुराण ऐकण्याची ओढ मात्र सुटली नव्हती. ती ओळखून स्टीफन्स यांनी बायबलची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत रचली. त्यांचा स्वर्ग वैकुंठ झाला. हेतू धर्मप्रसाराचा होता, हे झाकण्याचे कारण नाही. परंतु श्रोत्यांच्या कानाला इतके मानणारा धर्मोपदेशक विरळाच. देवनागरी खिळ्यांअभावी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापले गेले. त्यांचे कोकणीचे व्याकरण मात्र मृत्यूनंतर, १६४० मध्ये निघाले. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचे निधन झाले होते.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेविरुद्धच फर्मान काढले. पुराणाच्या तीन आवृत्त्या छापल्या होत्या. त्यांतील एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांमुळे. भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या अशा प्रतींवरून १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा रोमन लिपीत निघाला, आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली पुण्याहून देवनागरीत.