गोरोबाकाकांचा संसार



दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून या अंकात कोणा तरी संताचं चरित्र लिहा, असं मंडळींनी मला सांगितलं. ज्ञानोबाराय, तुकोबाराय यांच्यावर शिकलेली माणसं लिहितील. माझी शाळा चौथीपर्यंत. म्हणून मी आपला कुंभाराच्या दारात जाऊन बसतो. गोरोबाकाकांची कथा कीर्तनात मी लई वेळा लावली, पण कीर्तनात टाळ-मृदंगाच्या नादात पुष्कळ गोष्टी राहून जातात. काकांचं घर कसं होतं, धंदा कसा होता, त्या बायामाणसांचं काय झालं, हे सावकाश सांगावं असं मनात होतं.

ही कथा आपल्याकडं घरोघरी पोचली ती आपल्याच जिल्ह्यातल्या माणसामुळं. राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादच्या महिपतीबुवांनी शके १६८४ म्हणजे इसवी सन १७६२ साली भक्तविजय ग्रंथ लिहिला, त्यात गोरोबाकाकांचं आख्यान आहे. महिपतीबुवा स्वतः कुलकर्णी, लेकराबाळांचे संसारी गृहस्थ. त्यामुळं त्यांच्या लिहिण्यात चूल, पाणी, भांडण, रुसवा सगळं येतं. मी पुढं जे सांगतो ते बरंचसं त्यांचंच, बाकीचं जुन्या कीर्तनकारांच्या तोंडून ऐकलेलं.

काकांचं गाव तेर. आता ते धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी. दोन हजार वर्षांमागं हे तगर नावाचं मोठं व्यापाराचं शहर होतं, इथला माल परदेशी जात होता. तिथल्या लामतुरे संग्रहालयात जमिनीतून निघालेल्या मातीच्या मूर्ती आणि भांडी ठेवलेली आहेत. म्हंजे त्या गावात चाक फिरतंय ते काकांच्याही हजार वर्षं आधीपासून. काकांचा जन्म शके ११८९ चा, इसवी सन १२६७ धरतात. बाप माधवबुवा, आई रखुमाई. त्यांची लेकरं जगत नव्हती, एकामागून एक मातीआड केली, आणि देवानं त्यातलं एक गोरीतून परत काढून दिलं म्हणून नाव गोरा, असं सांगतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडंल. ज्या घरानं पाळणे रिकामे झालेले बघितले, त्या घरात हे पोर वाढलं.

ज्ञानोबारायांनी आपल्या नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली तवा काका तेवीस वर्षांचे होते. संतमंडळीत वयानं वडील म्हणून सगळे त्यांना काका म्हणायचे. नामदेवराय शिंपी, नरहरी सोनार, सेना न्हावी, सावता माळी. ही सगळी हातावर पोट असलेली माणसं.

आता कुंभाराचा धंदा. बारा बलुतेदारांत कुंभार गावाला लागायचाच. नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या, संक्रांतीला सुगडं, लग्नात बोळकी, उन्हाळ्यात माठ आणि रांजण. माणूस गेला तरी पुढं धरायला मडकं कुंभाराचंच. वर्षभर गावाची भांडी भरायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन बलुतं आणायचं. पीक आलं तर बलुतं, नाही आलं तर कुंभाराच्या घरी पण उपास. आम्हा शेतकऱ्यांना हे सांगायला नको.

काम सोपं नाही. तळ्याचा, नदीचा गाळ गाढवावर आणायचा, वाळवायचा, कुटायचा, चाळायचा. त्यात लीद आणि राख मिसळून भिजत घालायचा. मग पायानं तुडवायचा, आणि हे तुडवणं घटकाभराचं नाही. खडा राहिला की मडकं भाजताना तडकतं, म्हणून चिखल लोण्यासारखा होईस्तोवर पाय थांबत नाहीत. मग चाक काठीनं फिरवून त्यावर गोळा उचलायचा. अर्धवट वाळलं की आतून गुंडा धरून बाहेरून थापटण्यानं ठोकायचं. जास्त वाळलं तर चिरतं, ओलं असलं तर बसतं. नंतर सावलीत वाळवून आवा रचायचा, गोवऱ्या-पाचट घालून भाजायचा. पाऊस आला की आवा गेला. म्हणून पावसाळ्यात कुंभाराचा हात बहुतेक रिकामाच.

आणि हे सगळं घरातच. दुकान वेगळं आणि घर वेगळं असं कुंभाराचं नसतं. ओसरीवर चाक, अंगणात ओली मडकी, परसात आवा. बाई माती चाळते, पाणी आणते, मडकी डोक्यावर घेऊन बाजाराला जाते, आणि मधून मधून चूलही बघते. लेकरू त्याच अंगणात रांगतं. माऊली, ही कथा जी घडली ती या एका कारणानं घडली असं माझं मत आहे. भक्तीचा भाग पुढचा.

काकांच्या बायकोचं नाव संती. एक तान्हं पोर. एके दिवशी संती पाण्याला निघाली. पोर रांगतंय, ध्यान ठेवा, असं नवऱ्याला सांगून गेली. काका चिखल तुडवत होते. तोंडात विठ्ठलाचं नाव, डोळे मिटलेले, पायाचा एकच ठेका. पोर बापाला बघून रांगत आलं, पायाशी आलं आणि चिखलात तुडवलं गेलं. त्याचं रडणं काकांच्या कानी गेलंच नाही.

संती घागर घेऊन आली. पोर दिसंना. चिखल लाल झालेला दिसला.

इथं मी कीर्तनात थांबतो. बाया पदर डोळ्याला लावतात. काही कीर्तनकार या जागी संतीला कजाग ठरवतात, देवाला शिव्या देणारी म्हणतात आणि पुढं पळतात. मला ते पटत नाही. नऊ महिने वागवलेलं पोर ज्या आईनं असं बघितलं, तिनं देवाला बोल लावला नाही तर कुणी लावायचा? नवऱ्याला ती बोलली, त्याच्या पांडुरंगाला बोलली. काका भानावर आले ते देवाला बोललेलं ऐकून. काठी उचलून ते तिच्या अंगावर धावले. तवा संतीनं विठोबाची आण घातली, की माझ्या अंगाला हात लावाल तर विठोबाची शपथ आहे. काठी जागच्या जागी थांबली. काकांनी काठी खाली ठेवली ती ठेवलीच. शपथ त्या घडीपुरती नव्हे तर जन्माची धरली.

पुढचं आपण नीट ऐकत नाही, पण खरा संसार इथंच आहे. दोघं एकाच छपराखाली राहिली. ती चूल पेटवायची, पाणी आणायची. ते चाक फिरवायचे. बोलणं कामापुरतं. पोर गेलेलं आणि दुसरं होण्याची वाट बंद. राग उतरल्यावर संतीनं माफी मागितली, विनवण्या केल्या, पण काका शपथेला पक्के. तिला दिवस ढकलताना कळत होतं की उद्या या चाकावर बसायला कोणी नाही. माहेरी गेली आणि बापाला गळ घालून धाकटी बहीण रामी हिचं लग्न आपल्याच नवऱ्याशी लावून दिलं. आपल्या हातानं सवत आणणं ही गोष्ट बोलायला सोपी आहे. बायामाणसांना विचारा.

लग्न लागलं तवा सासऱ्यानं रीतीप्रमाणं सांगितलं, की दोघी लेकी माझ्याच, दोघींना सारखं वागवा. काकांनी शब्द तसाच धरला. थोरलीला हात लावायचा नाही, तर धाकटीलाही नाही. सासऱ्याच्या मनात काय होतं आणि काकांनी काय घेतलं! इथं श्रोते हसतात, आणि हसावं असंच आहे. पण रामीच्या जागी आपली लेक धरून बघा, मग हसू येत नाही. तिचा या भांडणाशी काय संबंध होता?

मग एका रात्री दोघी बहिणींनी मिळून ठरवलं. काका झोपेत असताना एकीनं एक हात, दुसरीनं दुसरा हात आपल्या अंगावर घेतला. वाटलं, शपथ आपोआप मोडंल. काका जागे झाले आणि बघतात तर हातांनी विठोबाची आण मोडलेली. ज्या हातांनी चूक केली ते हात त्यांनी तोडून टाकले.

माऊली, कुंभाराचे हात गेले म्हणजे घरच गेलं. चाक बंद, आवा बंद, बलुतं बंद. दोन बायका आणि पोटाला काही नाही. संतीनं पोर गमावलं होतं, आता दोघींच्या डोक्यावर हे आलं.

तवा पांडुरंग आले. कसे आले बघा. मुकुट घालून आले नाहीत, सोन्याची मोहर टाकून गेले नाहीत. विठू कुंभार होऊन आले. बरोबर रखुमाई कुंभारीण, आणि गरुडाला गाढव केलं. काकांच्या घरी राहून चिखल तुडवला, चाक फिरवलं, मडकी बाजारात नेली. रखुमाईनं घरातली कामं अंगावर घेतली. ज्या चिखलात पोर गेलं तोच चिखल देवानं स्वतःच्या पायानं तुडवला. या एका गोष्टीवर मी कधीकधी तासभर बोलतो. देवाला दाणे पाठवता आले असते. पण बंद पडलेला धंदा चालू करायचा म्हणजे कोणी तरी चिखलात उतरलं पाहिजे.

एकादशीला काका दोघी बायकांना घेऊन पंढरीला गेले. नामदेवरायांचं कीर्तन चाललेलं. सगळ्यांनी टाळी वाजवायला, नाम घ्यायला हात वर केले. काकांनी आपले थोटे वर केले आणि त्यांना हात फुटले. लोकांनी जयजयकार केला. पण संती उभीच. नवऱ्याचे हात आले, माझं पोर कुठं आहे, हा तिचा प्रश्न होता. तिनं पांडुरंगाला आळवलं, आणि त्या गर्दीतून पोर रांगत रांगत तिच्याकडं आलं. शपथही देवानंच सोडवली आणि दोघी बायकांना घेऊन नीट संसार करायला सांगितलं. आख्यान इथं संपतं, पण माझ्या ध्यानात हे राहतं, की हात काकांच्या भक्तीनं आले असतील, पोर मात्र संतीनं मागितलं म्हणून आलं.

आपण कथा ऐकतो आणि घरी जातो. आपल्याच पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची जोडपी दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोडीला जातात. आई कोयता चालवते, बाप मोळ्या वाहतो, आणि लेकरू फडाच्या कडेला झोळीत नाही तर सरीत खेळतं. ट्रॅक्टर मागं घेताना बघायला कोणी नसतं. शेतात मळणी यंत्र चालू असतं, विहिरीला कठडा नसतो, पोरं तिथंच. घर आणि काम एका जागी आलं की लेकराकडं बघायला एक माणूस मोकळं पाहिजे. काकांच्या घरी ते नव्हतं, आणि आपल्याकडं पांडुरंग दर वेळी पोर परत घेऊन येत नाही. हे मी कीर्तनात सांगितलं तवा एक-दोन म्हातारे नाराज झाले, की महाराज, संतचरित्रात हे कशाला. असू द्या.

काकांची दुसरी कथा सगळ्यांना ठाऊक आहे ती मडकी पारखण्याची. संतमेळा जमला असताना मुक्ताईनं काकांना विचारलं, की यातलं कोणतं मडकं कच्चं आहे. काकांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. बाकीचे गप्प बसले, नामदेवराय चिडले. काकांनी सांगितलं, हे कच्चं. नामदेवरायांना राग आला, पण त्यातूनच ते औंढ्याला विसोबा खेचरांकडं गेले आणि गुरू केला. मला यात गंमत वाटते ती ही, की एवढ्या मोठ्या निवाड्याला काकांनी पोथी उघडली नाही. धंद्यातलं हत्यार हातात होतं, तेच वापरलं. भाजलेलं मडकं टिचकी मारली की खणखणतं, कच्चं भद्द वाजतं. हा कान वर्षानुवर्षं चाकावर बसून तयार होतो. काकांचे म्हणून जे वीसेक अभंग राहिले आहेत त्यांना लाकडी थापटण्यासारखाच थेट आवाज आहे.

आता आपल्या दिंडीच्या वाटेवर रांजण कमी झाले. मी तरुण होतो तवा नगर सोडल्यावर मिरजगाव, करमाळ्याकडं जाताना गावोगावी रांजण भरून ठेवलेले असायचे. आता टँकर आणि बाटल्या. पाणी मिळतं ही चांगलीच गोष्ट आहे, पण बाटली वाटेत पडते आणि मडकं फुटलं तर मातीत जातं. कुंभाराची पोरं वीटभट्टीवर गेली, काही कारखान्यात लागली. जी अजून चाकावर आहेत त्यांच्याकडून विकत घ्या. घासाघीस करू नका, त्यांना बलुतं आता कोणी देत नाही.

काका शके १२३९, इसवी सन १३१७ मध्ये चैत्र वद्य त्रयोदशीला तेरला समाधिस्त झाले. नदीकाठी काळेश्वराजवळ त्यांचं मंदिर आहे आणि त्या तिथीला तिथं यात्रा भरते. चैत्र म्हणजे कुंभाराचे ऐन हंगामाचे दिवस. गावाला माठ लागतात, आव्यामागून आवा चढतो. काका गेले तवा अंगणात मडकी वाळत पडलेली असणार.